टॅमरिएलची नोंदवही, टप्पा तिसरा: ‘कॅनन, हो की नाही’ हा रकाना रद्द

एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ-खेळांच्या मालिकेतल्या काल्पनिक जगाच्या (टॅमरिएल हा त्यातला खंड) इतिहासाच्या मराठी नोंदवहीत या टप्प्यावर एकच मोठा बदल आहे. ‘कॅनन (अधिकृतपणे खरं): हो/नाही’ हा रकाना काढला. जुन्या ओळी पुन्हा भराव्या लागताहेत, पण इलाज नव्हता. १९९६च्या डॅगरफॉल या खेळानेच या रकान्याचं दिवाळं काढलं होतं. त्या खेळात सम्राट टायबर सेप्टिमचा टोटेम कुणाच्या हवाली करायचा, यावर शेवट बदलतो. पुढच्या खेळांनी त्यातला एक निवडला नाही, सगळेच घडले असं ठरवलं. तिसऱ्या युगाच्या ४१७ साली काळ फाटला आणि इलियाक आखातातली ४४ संस्थानं जाऊन चार उरली: डॅगरफॉल, सेंटिनेल, वेरेस्ट आणि ऑर्कांचं ऑर्सिनियम. हाच तो ‘वॉर्प इन द वेस्ट’. त्यातल्या एका शेवटात मॅनिमार्को हा मांत्रिक देव होतो. २००६च्या ऑब्लिव्हियनमध्ये मात्र तो (की त्याच नावाचा भलताच कुणी?) हाडामांसाचा एल्फ म्हणून समोर येतो आणि मरतो. आता भरा ‘हो’ किंवा ‘नाही’.

आताचे रकाने सात: घटना, सांगितलेलं साल, सांगणारा कोण, तो कोणत्या काळातला, कोणत्या खेळात आणि कोणत्या वर्षी छापलं, मजकुराचा प्रकार, आणि कोणत्या ओळीशी भांडण. एका ओळीत एकच दावा. ‘असं झालं’ हे वाक्य नोंदवहीत चालत नाही. ‘अमुक म्हणतो की असं झालं’ असंच लिहायचं. तिसरा आणि पाचवा रकाना एकमेकांत मिसळले की घोळ होतो. पुस्तकातला लेखक पहिल्या युगाबद्दल बोलतो, पण ते पुस्तक २००२च्या मॉरोविंडमध्ये आलेलं असतं. कोण कुणाला खोडतंय, हे पाचव्या रकान्यावरून कळतं.

सालांसाठी युग एका सेलमध्ये आणि वर्ष दुसऱ्या सेलमध्ये. मध्ये आडवी रेघ टाकून एकत्र लिहिलं की शीट कधी कधी त्याची तारीख करून टाकते, आणि हे फार उशिरा लक्षात येतं. तिसऱ्या सेलमध्ये सलग क्रमांक: पहिल्या युगाला काही मिळवायचं नाही, दुसऱ्याला २९२०, तिसऱ्याला ३८१६, चौथ्याला ४२४९. म्हणजे लाल पर्वताची लढाई ७००, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन या खेळाचा काळ (दुसरं युग ५८२) ३५०२, वॉर्प ४२३३, मॉरोविंड (तिसरं युग ४२७) ४२४३ आणि स्कायरिम (चौथं युग २०१) ४४५०. पहिल्या युगाआधीच्या मेरेथिक युगाचे आकडे उलटे मोजतात, ते उणे लिहायचे. पहिल्या युगाला ‘वर्ष शून्य’ आहे, त्यामुळे एखाद्या वर्षाची चूक दिसली तर आधी तिथे बघायचं.

सलग क्रमांक एका ठिकाणी मात्र फसवतो. पहिल्या युगाच्या १२०० ते २२०८ या काळात, म्हणजे १००८ वर्षं, काळाचा ड्रॅगन तुटलेला होता, म्हणजे काळ सरळ चालतच नव्हता, असं एक पुस्तक म्हणतं. फाल ड्रून नावाचा अभ्यासक दुसऱ्या पुस्तकात म्हणतो की हे सगळं कालगणनेतल्या चुकीतून उभं राहिलेलं प्रकरण आहे. दोन्ही पुस्तकं एकाच खेळातली, २००२चीच. ही लेखकांची नजरचूक नाही, मुद्दाम लावलेलं भांडण आहे. त्या पट्ट्यातल्या ओळींना फक्त पिवळा रंग दिलाय, वजाबाकी केलेली नाही. ड्रूनचं खरं मानून हजार वर्षं कापायची सूचना आली होती. कापली तर पहिल्या युगाचं २९२० हे शेवटचं सालच जागेवर राहत नाही.

सिरोडीलचं, म्हणजे साम्राज्याच्या मध्यवर्ती प्रांताचं, जंगल ही आतापर्यंतची सगळ्यात रसाळ नोंद. ओळी छापल्याच्या क्रमाने लावल्या, आणि तशाच लावाव्यात. १९९८च्या रेडगार्डसोबत आलेल्या साम्राज्य-मार्गदर्शिकेत सिरोडील म्हणजे घनदाट उष्ण जंगल. २००६ला ऑब्लिव्हियन आला तर समोर ओक आणि कुरणं. त्याच खेळात मॅनकार कॅमोरान आपल्या टीकाग्रंथात सुचवतो की लाल राजाचं घर एकेकाळी जंगल होतं आणि जाणत्याला भूमी बदलता येते. म्हणजे टालोसने (देव मानला गेलेला टायबर सेप्टिम, हाच लाल राजा) देवपणाच्या बळावर हवामान पालटलं. मग २०११च्या स्कायरिममध्ये व्हाइटरन शहराच्या चौकातला प्रचारक हाइम्स्कर घसा फोडून टालोसचे जंगलाबद्दलचे शब्द ऐकवतो. हा मजकूर आधी खेळाबाहेर फिरत होता, मालिकेचा जुना लेखक मायकेल कर्कब्राइड याचा. म्हणून ‘मजकुराचा प्रकार’ या रकान्यात ‘खेळाबाहेरचा’ एवढं लिहून भागत नाही, तो खेळात कधी शिरला तेही लिहायचं.

आणि मग २०१४चा ऑनलाइन. तो टालोसच्या आधीचा काळ दाखवतो, आणि तिथेही जंगल नाही! त्यावर उतारा म्हणून त्याच खेळात लेडी सिनाबारचं पुस्तक ठेवलंय: जंगल कधी नव्हतंच, नकलकाराची चूक. एका शब्दात विषय मिटवण्याचा हा प्रकार अनेकांना रुचलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो थोडा आळशी आहेच. पण नोंदवहीपुरतं बघितलं तर सिनाबारबाईंचं मत हे आणखी एका विदुषीचं मत, म्हणून आणखी एक ओळ. तिने आधीच्या ओळी पुसायच्या नाहीत.

नावांचा तक्ता वेगळा आहे. प्रत्येक नावाला स्वतंत्र ओळ, आणि ‘हे म्हणजेच ते’ हासुद्धा एक दावाच, सांगणाऱ्याच्या नावासकट. ‘व्हरायटीज ऑफ फेथ’ हे मॉरोविंडमधलं पुस्तक अल्डुइन या ड्रॅगनला उत्तरेच्या नॉर्ड लोकांचा अकाटोश, म्हणजे काळाचा ड्रॅगन-देव, ठरवतं. स्कायरिममध्ये अल्डुइन अकाटोशचा थोरला, आणि दोघे वेगळे हे पटवायला अलेक्झांड्र सिमोनचं अख्खं पुस्तक आहे. सुरुवातीला दोघांना एका ओळीत कोंबलं होतं, ते सोडवायला सगळे दुवे हाताने तपासावे लागले. लॉर्कन या देवाच्या बाबतीत तर शोर, शेझार, सेप, लॉर्काज अशी रांगच आहे. खंडोबा, मैलार आणि मल्लण्णा एकच का, हे जेजुरीत विचारलं आणि मैलारात विचारलं तर ज्या सुरात उत्तरं येतील, तोच सूर इथे धरायचा.

देवनागरीकरणाचे नियम उच्चारावरून, स्पेलिंगवरून नाहीत. एल्फांच्या जातींची नावं ‘डनमर, अल्तमर’ अशी लिहिली की मराठी डोळ्याला ‘मर’ हा शाप दिसतो, म्हणून ‘डनमेर, अल्तमेर’. मांजरमाणसांना ‘खाजीत’ लिहिलं तर अंगाला खाज सुटते. उच्चार ‘कजीत’च्या जवळचा आहे, तेच ठेवलंय. लॉर्कनचा ‘लोरखान’ करू नये. फक्त विव्हेकला (डनमेरांचा जिवंत देव) काही करावं लागत नाही, तो आपसूक ‘विवेक’ होतो. महिन्यांची भाषांतरं करू नका: ‘सेकंड सीड’ आपला मे आहे, दुसरा महिना नव्हे. मूळ रोमन स्पेलिंगचा रकाना प्रत्येक नावाला हवाच, नाहीतर शोध चालत नाही.

पुढची ओळ लाल पर्वताची: डनमेरांचा सेनानी नेरेव्हार याला कुणी मारलं? ॲशलँडर या भटक्या डनमेरांच्या मते त्याच्याच तीन सल्लागारांनी, विवेक त्यांतला एक. विवेकच्या जाहीर वृत्तांतात तो जखमांनी जातो. पण ‘३६ प्रवचनां’त त्याच विवेकने कबुली पेरली आहे: २९व्या प्रवचनातल्या आकड्यांनी शब्द उचलत गेलं की खुनाचा कबुलीजबाब निघतो, आणि ३६व्यातल्या परिच्छेदांच्या आद्याक्षरांतून ‘निर्घृण खून’ या अर्थाचे इंग्रजी शब्द. एकाच सांगणाऱ्याच्या दोन उलट ओळी, त्यामुळे तिसऱ्या रकान्यात ‘विवेक (जाहीर)’ आणि ‘विवेक (सांकेतिक)’ असे दोन विवेक केलेत. शब्द मोजताना इंग्रजी मूळच घ्यायचं, खेळात छापलंय तसं. मराठी अनुवादात शब्दांची जागा बदलते आणि कबुली नाहीशी होते.