मग बंदच का ठेवत नाही?

वेंगुर्ल्यात आमच्या पर्जन्यमापकाचा विषय निघाला की हेच ऐकायचं: "बंद केल्यार चलता ना, मगे बंदच ठेव मरे!" बंद म्हणजे कंपायलरचं ऑप्टिमायझेशन: आपला प्रोग्राम चिपच्या सूचनांमध्ये उतरवताना तो करतो ती काटछाट. ओ-शून्यवर (काटछाट बंद) मोजणी होते, ओ-एसवर (आकार कमी करणारी काटछाट चालू) प्रोग्राम गप्प, म्हणजे कंपायलरच चुकतोय, हे छातीठोकपणे सांगणारा मीच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

अ‍ॅटमेगा 328पी चिप. मापकातलं छोटं भांडं पावसाने भरून कलंडलं की 0.2 मिमी. त्यासरशी रीड स्विचचा (चुंबकावर चालणाऱ्या बटणाचा) इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून मध्येच धावणारा कोड, काउंटर एकने वाढवतो, मुख्य लूप तो बदलायची वाट बघतो. डिसअसेंब्ली, म्हणजे कंपायलरने बनवलेल्या सूचनांची यादी, काढली तर वाट बघायच्या जागी एकच सूचना: आरजंप (उडी मार), तीही स्वतःवरच! हाच पुरावा, असं तेव्हा वाटलं. पण काउंटरपुढे 'व्होलटाइल', म्हणजे 'ही किंमत बाहेरून बदलू शकते, दरवेळी नव्याने वाच' असं सांगणारा शब्द, नव्हताच. लूपमध्ये किंमत कोणी बदलत नाही, मग पुन्हा वाचायची कशाला? इंटरप्टचं कंपायलरला कोण सांगणार? सी भाषेच्या नियमाने कंपायलर बरोबर.

व्होलटाइल घातलं, मोजणी सुरू झाली. मग जुलैतल्या एका सकाळच्या नोंदी: 51.0, 102.2, 51.2. पडलेला पाऊस परत आभाळात गेला की काय? "बघा, मी म्हणत होतो," असंही म्हणून झालं.

चिप 8 बिटांची, काउंटर 16 बिटांचा, म्हणजे दोन बाइट वेगवेगळे वाचले जातात. काउंटर 255 असताना खालचा बाइट वाचला: 255. नेमकं तेव्हाच भांडं कलंडलं, काउंटर झाला 256, आणि वरचा बाइट आला 1. दोन्ही जोडून 511. गुणिले 0.2, झाले 102.2. हे ओ-शून्यवरही होतं. टेबलावर लोट्याने पाणी ओतून तपासताना 255 वेळा कोण कलंडवत बसतो? आपल्याकडे 51 मिमी चहा होईपर्यंत पडतो.

उपाय दोन ओळींचा. इंटरप्ट थांबवून काउंटरची प्रत घ्यायची, पुन्हा चालू करायचे. एव्हीआर-लिबसी या असल्या चिपांसाठीच्या सी लायब्ररीतला अ‍ॅटॉमिक ब्लॉक हेच करतो. आणि बंद ठेवायचं म्हणाल, तर त्याच लायब्ररीतली डिले फंक्शन्स (ठरावीक वेळ थांबवणारी) ऑप्टिमायझेशन गृहीत धरूनच लिहिलेली आहेत. ओ-शून्यवर मिलिसेकंद ताणतात.

तरी नोंदीतली एक 0.4 मिमीची उडी यातल्या कशातच बसत नाही. रीड स्विच थरथरला असेल. संशयितांच्या यादीतून कंपायलर मी अजून खोडलेला नाही, तळाला ढकललाय.