जगलेली रोपं मोजायला गेलो, थुटं मोजत बसलो

गडचिरोली जिल्ह्यात, कोरची तालुक्यातल्या सामूहिक वनहक्क (गावाचं जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या काही गावांत वनविकासाचा प्रकल्प चालू होता. त्याचं मूल्यमापन आमच्याकडे आलं. निधी देणाऱ्यांच्या तक्त्यात पहिलाच रकाना होता, ‘लावलेल्यांपैकी जगलेली रोपं, टक्के’. हा आकडा मला कधीच पटलेला नाही. मेलेल्या रोपाच्या जागी पुढच्या पावसाळ्यात दुसरं लावायचं आणि मोजताना जुनं-नवं एकच धरायचं. अशा रिकाम्या जागा, म्हणजे नांग्या, भरल्या की टक्केवारी आपोआप गोजिरी दिसते! शिवाय इकडे मोह, ऐन, तेंदूची मुळं जमिनीत जिवंत असतात. चराई, आग आणि कुऱ्हाड आवरली तर जंगल आपणहून उठतं. म्हणून तो रकाना ठेवला, पण काय काय मोजायचं हे ग्रामसभेलाही विचारलं.

बैठकीत पुरुष बोलले ते बांबूबद्दल आणि तेंदूच्या फळीवरच्या, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागेवरच्या, पैशांबद्दल. बायका गप्प. मार्चमध्ये त्यांच्याबरोबर मोहफुलं वेचायला गेले तेव्हा खरी यादी निघाली: सरपणाला किती लांब जावं लागतं, चारोळी पिकायच्या आधीच कोण ओरबाडून नेतं, मोहाखालचा पाला कोण पेटवतं. पाला जाळला की फुलं वेचायला सोपी जातात, पण तीच आग पुढे लहान रोपांवर जाते. उपग्रहाच्या वणवा-सूचना आमच्याकडे होत्या, मात्र त्यांचा एक ठिपका ३७५ मीटरचा. मोहाखालची छोटी आग त्यात बहुधा सापडत नाही. त्यामुळे जळालेल्या जागा पायी फिरूनच नोंदवल्या. ज्या झाडांखाली फुलं झेलायला जाळी अंथरली होती, म्हणजे पाला जाळायची गरज नव्हती, तिथे जळाल्याच्या खुणा कमी दिसल्या.

मोजणीचं तंत्र साधंच. दोरीने १० बाय १० मीटरचा चौकोन आखून मोठी झाडं, त्यातच ५ बाय ५ मध्ये झुडपं आणि १ बाय १ मध्ये गवत व कोवळी रोपं. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर. त्यासाठी एका पोराने काठीवर चुन्याची रेघ ओढून घेतली, टेपपेक्षा ती बरी चालली. चौकोन कुठे पडणार हे नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवलं, नाहीतर सगळे जण वाटेजवळचं दाट जंगलच दाखवतात.

बांबूची मोजणी मात्र आम्हाला गावानेच शिकवली. मानवेल जातीच्या बांबूच्या एका रांजीजवळ, म्हणजे बेटाजवळ, मी काठ्या मोजायला लागले, तर सोबतचे काका म्हणाले, “म्याडम, हा वेगळा लिवा, हा औंदाचा आहे.” पेरांवर खपल्या अजून चिकटलेल्या, हात फिरवला तर पांढरी भुकटी बोटाला लागली. जून काठी हिरवी-पिवळट, गुळगुळीत. नवीन काठ्या राखून तीन वर्षांवरच्याच तोडायच्या, असा नियम. तो पाळला की नाही हे रांजीतल्या काठ्यांच्या वयावरून कळतं. तोडल्यावर जमिनीत उरलेल्या बुडख्यांवरून, म्हणजे थुटांवरून, कळतं किती तोडलं.

ही थुटं पुढे फार उपयोगी पडली. जिल्ह्यातल्याच मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर जिल्ह्यातल्या बऱ्याच ग्रामसभा आपला बांबू आपणच विकू लागल्या. आम्ही परवान्यांवरच्या काठ्या आणि चौकोनांतली ताजी थुटं ताडून पाहिली. एका कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, थुटं परवान्यांपेक्षा बरीच जास्त निघाली. भरसभेत हे वाचून दाखवल्यावर गोंधळ झाला. काहींनी घरगुती वापराचं कारण सांगितलं, ते अंशतः खरंही होतं. शेवटी त्या कूपाला एक वर्ष विश्रांती द्यायची आणि घरच्या वापराचा बांबूही वहीत लिहायचा, असं ठरलं.

मोठी अडचण वेगळीच होती. प्रकल्पाआधीची मोजणीच कुणी केलेली नव्हती. मग तुलनेसाठी शेजारचं, त्याच जातीचं, प्रकल्पाबाहेरचं जंगल घेतलं. पण प्रकल्पाने आधीच बरं जंगल असलेली गावं निवडली असतील, तर हा फरक प्रकल्पाचा म्हणता येत नाही. अहवालात हे पहिल्याच पानावर लिहिलं. निधी देणाऱ्यांना ते आवडलं नाही, एकच ठसठशीत आकडा हवा होता. जगलेल्या रोपांची टक्केवारी दिली, पण नांग्या वगळून आणि धरून, अशा दोन ओळींत.

चौकोनांच्या कोपऱ्यांवर रंगवलेले दगड पुरले आहेत, नकाशाची एक प्रत ग्रामसभेच्या दफ्तरात आहे. पुढची मोजणी गावातली पोरं-पोरी करतील. आम्ही त्यातले मोजके चौकोन पुन्हा मोजून फक्त ताळा घेणार.