24 मीटरवरचा बिबट्या

"डॉक्टर, मारा ना आता! समोरच तर आहे!" गच्चीवरून कुणीतरी ओरडलं.

नाशिकच्या गंगापूर रोडवरची कॉलनी, सकाळचे साडेआठ. बिबट्या कंपाउंडवरून उडी टाकून मोकळ्या प्लॉटवर आला होता आणि आमच्यासमोरून आडवा, दुडक्या चालीने निघाला होता. अंतर मोजायच्या रेंजफाइंडरवर 24 मीटर. भुलीची बंदूक माझ्या खांद्याला होती. मी ट्रिगरला बोट लावलं नाही.

24 मीटर म्हणजे हाकेच्याही अलीकडचं अंतर, असं लोकांना वाटतं. रायफलच्या गोळीला ते आहेच. सेकंदाला 800 मीटर जाणारी गोळी पोहोचेपर्यंत असा बिबट्या जेमतेम चार-पाच बोटं सरकतो. माझा डार्ट, म्हणजे भुलीचं औषध भरलेली सुई, सेकंदाला साधारण 60 मीटर जातो. पोहोचायला 0.4 सेकंद. तेवढ्यात दुडक्या चालीचं जनावर सव्वा मीटर पुढे! म्हणजे मांडीवर लावायचा तर नेम धरायचा नाकाच्या पुढे, रिकाम्या हवेत. त्यानं मध्येच पाऊल आखडतं घेतलं, तर सुई मांडीऐवजी बरगडीत. शिवाय डार्ट वाटेत खाली येतो. अंतराचा अंदाज चार मीटरनं चुकला तरी तो दहा-पंधरा सेंटिमीटर वरखाली लागतो. बिबट्याची मांडी असते तरी केवढी?

हे मी निफाडच्या उसात शिकलो. तिथंही जनावर आडवंच चाललं होतं, मागे गावकरी ओरडत होते, आणि मी फायर केला. डार्ट छातीत गेला. मादी वाचली नाही. फळीवर ठेवलेले तिचे पंजे मला आजही दिसतात.

म्हणून थांबलो. लागला असता तरी केटामाइन-झायलाझीन ही भुलीची औषधं चढायला दहा मिनिटं तरी जातात. तेवढा वेळ बिथरलेला बिबट्या कुठे गेला असता? समोर मोबाइल धरून दीड-दोनशे माणसं उभी होती. या बघ्यांचा मला मनापासून राग येतो. जनावराला पळायला जागा ठेवत नाहीत आणि पळालं की आमच्यावर ओरडतात.

पोलिसांनी गल्ली रिकामी केली. वनरक्षकांनी दोन्ही तोंडांना जाळी धरली. पाऊण तासानं बिबट्या एका बंगल्यामागे, भिंत आणि पाण्याच्या टाकीमधल्या बोळात जाऊन बसला. मी शेजारच्या घरात शिरलो. आजींनी न विचारता स्वयंपाकघराची खिडकी उघडून दिली आणि गॅसवरचं दूध उतरवलं.

12 मीटर. बंदुकीचं प्रेशर कमी केलं. त्याची पाठ माझ्याकडे, उजवी मांडी मोकळी, पोट धापांनी हलत होतं. दोन श्वास मोजले.

फट्ट. मांडीवर डार्टचा गुलाबी गोंडा दिसला. तो गुरगुरला, वळून त्याला चावायला गेला, मग पुन्हा बसला. तेराव्या मिनिटाला मान टेकली. मी डोळ्यांवर फडकं बांधलं, जीभ बाजूला काढली आणि छातीवर हात ठेवला. श्वास संथ, एकसारखा चालला होता.