तुम्ही विचारलंत म्हणून: आटलेल्या ओढ्यात कोणती फ्लाय?

ऑगस्ट लागला की इथे पेनसिल्व्हेनियात फ्लाय फिशिंग करणारे, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेला खोटा किडा (फ्लाय) लावून मासे धरणारे, आपले मित्र हमखास विचारतात: "पाणी जेमतेम घोटाभर, तळातला खडा न् खडा दिसतोय. ट्राउट मासेही समोर दिसतात, पण फ्लायकडे ढुंकून बघत नाहीत. लावू तरी काय?"

मुंगी लावा. काळी, १८ किंवा २० नंबरच्या गळावर बांधलेली. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ बारीक, हे नव्यांसाठी सांगून ठेवते.

मे-जूनमध्ये पाण्यातूनच मेफ्लाय या नाजूक पंखवाल्या किड्यांचे थवे निघतात आणि माशांची चंगळ असते. ऑगस्टपर्यंत ते बहुतेक आटोपतं. सकाळच्या वेळी ट्रायको नावाची चिमुकली मेफ्लाय तेवढी निघते, तिला २२-२४ नंबरचे गळ लागतात आणि डोळेही तरणे लागतात. बाकी दिवसभर ट्राउटच्या तोंडी पडतं ते काठावरून: मुंग्या, भुंगेरे, तुडतुडे, नाकतोडे. म्हणून मी पाण्याआधी काठाचं गवत बघते. पायाखालून नाकतोडे उडाले, वर वारा असला, की दुपारी १२ नंबरचा नाकतोडा. काठावर झाडं वाकलेली असली तर भुंगेरा, आणि तो अलगद नको, टपकन पडू द्या. खरा भुंगेरा तसाच पडतो.

हे सगळं शिकवलं कार्लाइलजवळच्या लेटॉर्ट ओढ्याने. विन्सेंट मारिनारो आणि चार्ली फॉक्स हे दोघे फ्लाय फिशिंगवाले तिथे मासे धरत. मासे सारखे वर येऊन काहीतरी टिपत होते, पण काय ते दिसेना. मारिनारो काठावर आडवे झाले, नजर पाण्याच्या पातळीवर आणली, तेव्हा पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरात अडकलेले बारीक बारीक किडे दिसले. त्यांत तुडतुडेही होते. तुडतुडे काय असतात हे आमच्या यवतमाळकडच्या कापूसवाल्यांना सांगायला नको! १९५० साली मारिनारोंनी हे पुस्तकात मांडलं.

तुडतुड्यासाठी त्यांनी जी फ्लाय बांधली, तिचं नाव जॅसिड. इवल्याशा गळावर हॅकलचे, म्हणजे कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे, वेढे, वरून-खालून कातरून सपाट केलेले, आणि पाठीवर आडवं निजवलेलं एकच पीस, राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं, मेणासारखा चकचकीत ठिपका असलेलं. हो, आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो तोच. आपल्याकडे तो कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे पीस घ्यायचंच तर पाळीव पक्ष्याचं आहे ना, याची खात्री करून घ्या. नाहीतर काळ्या फोमचा तुकडा लावा, माशाची तक्रार नसते.

कारण मासा खालून बघतो. उजेडाच्या पाठीवर त्याला रंग फारसा कळत नाही, कळते ती आकृती. म्हणून मुंगी बांधताना सगळा जीव कंबरेत ओता: मागे एक गोळी, पुढे एक गोळी, मध्ये नुसता दोरा. हॅकलचे दोनच वेढे पुरेत. चार दिलेत, कंबर भरली, की ती मुंगी राहत नाही.

फ्लायपेक्षाही जास्त घात टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक धागा, करतं, असं माझं ठाम मत आहे. ६एक्स वापरा, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटर, ट्रायकोला त्याहून बारीक ७एक्स. लीडर, म्हणजे जाड दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा निमुळता धागा, बारा फूट तरी हवा. फ्लाय प्रवाहाच्या वेगाने सुटी वाहिली पाहिजे, दोरीने बोटभर जरी ओढली तरी मासा मागे फिरतो. आणि स्वतः खाली वाका, माशाच्या मागून या, सावली पाण्यावर पडू देऊ नका.

थर्मामीटर मात्र खिशात हवाच. पाणी २० अंश सेल्सिअसला पोचलं की मी रॉड मिटते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. गळाशी झुंजून दमलेला ट्राउट सोडून दिला, पोहत गेलेला दिसला, तरी पुढे मरू शकतो. लेटॉर्टसारखे झऱ्यांचे ओढे भर उन्हाळ्यातही गार राहतात, तिकडे जा. डोंगरातल्या ओढ्यांवर जायचं तर उजाडता उजाडता पोचा आणि ऊन चढायच्या आत निघा.