पिकअपच्या ब्रेक लाइटचा बल्ब

परवा मागून येणाऱ्याने हात करून सांगितलं, तुमचा डावा ब्रेक लाइट लागत नाही. घरी येऊन लेन्सचे स्क्रू काढले. बल्ब काळवंडलेला आणि आतली एक तार तुटलेली. टेल लाइट मात्र लागत होता, म्हणून इतके दिवस कळलंच नाही.

माझ्या पिकअपला दोन फिलामेंटचा, म्हणजे आत उजेड देणाऱ्या दोन तारा असलेला बल्ब लागतो, पी २१/५ डब्ल्यू: ब्रेकसाठी २१ वॅट, टेलसाठी ५. त्याच्या बुडाच्या दोन पिना वरखाली असतात. एका फिलामेंटच्या पी २१ डब्ल्यूच्या पिना समान उंचीवर असतात. दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून जुना बल्ब हातात धरून त्यावरचा नंबर वाचूनच नवा घ्या. काही पिकअपना पिनांऐवजी चपट्या बुडाचा, नुसता खोचायचा बल्ब असतो.

एलईडी घ्यायचा तर लाल लेन्समागे लालच घ्या. पांढऱ्याचा रंग फिका, गुलाबीसर दिसतो. मी साधाच घेतला. सॉकेटमधला हिरवट गंज घासून काढला, नाहीतर नवा बल्बही मंद जळतो. लेन्स लावण्याआधी मुलाला ब्रेक दाबायला लावला, मग टेल लाइट चालू करून पुन्हा एकदा. दोन्ही बाजू सारख्याच लख्ख!