कार्डावरची दुसरी रेघ

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमची ओपीडी ओस पडते आणि रात्रपाळी भरून वाहते. दिवसा आजारी पडायला कुणाला सवडच नसते. जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी आहे. ऑक्टोबरची ड्यूटी लागली की घरी आधीच सांगून ठेवते, जेवायला थांबू नका.

त्या रात्री साडेदहाला एक मोटरसायकल थेट पायरीला येऊन टेकली. दोघांच्या मधे दाबून बसवलेला एक पोरगा. मागच्याने त्याला कवेत धरलेलं. "मॅडम, अटॅक आलाय याला!"

वय २६. शर्ट पिळून काढावा इतका घाम. ओकाऱ्या, धाप, हातपाय बर्फासारखे. बीपी १७०/११०, ठोके १३०, ऑक्सिजन ९१. सव्विसाव्या वर्षी अटॅक म्हटलं असतं तर शिकत असताना मी हसले असते. आता हसत नाही. तिशीच्या आतले, खिशात गुटख्याच्या पुड्या असलेले दोघे-तिघे मी स्वतः इथून पुढे पाठवलेत. याच्याही खिशात पुड्या होत्याच.

ईसीजी काढला. आलेखाच्या तीन-चार पट्ट्यांत ‘एसटी’ म्हणतात तो भाग खाली बसलेला, म्हणजे हृदयाला ताण पडल्याची खूण. सिस्टरने ॲस्पिरिन चघळायला दिली, मी हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, भरायला सांगितलं आणि ट्रोपोनिनचं कार्ड लावलं.

हे कार्ड दिसायला अगदी गरोदरपणाच्या तपासणीच्या कार्डासारखं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूच्या पेशी फुटल्या की ते रक्तात झिरपतं. कार्डावर रक्ताचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटं वाट बघायची. एक रेघ आली तर कार्ड चालू आहे एवढंच कळतं. दुसरी आली तर हृदयाला इजा आहे. दुसरी रेघ आली. फिकट, पण बिनचूक.

"कधीपासून त्रास होतोय?" मी विचारलं.

"तासभर झाला असंल. दीड तास धरा."

इथे मी अडले. हातातल्या मार्करने कार्डावर वेळ लिहीत होते, तो तसाच राहिला.

वेळ लिहायची ही सवय एका बाईमुळे लागली. आदल्या वर्षी पन्नाशीतली एक मधुमेही बाई "पित्त झालंय, जबडा आवळतोय" म्हणत आली होती. त्रास सुरू होऊन तासही झाला नव्हता. ईसीजी साधा, कार्ड कोरं. घरी जायला ती उठलीसुद्धा होती. का कोण जाणे, मी तिला बसवून ठेवलं. चार तासांनी दुसरं कार्ड लावलं तर दुसरी रेघ ठसठशीत. साधं कार्ड रक्तातलं ट्रोपोनिन पकडायला इजेनंतर तीन-चार तास घेतंच. मोठ्या प्रयोगशाळांतली नवी, जास्त संवेदनशील तपासणी एक-दोन तासांच्या अंतराने दोनदा करून लवकर निकाल देते, पण ती यंत्रं आमच्या तालुक्याला नाहीत. म्हणून कोरं कार्ड बघून मी कुणालाही लगेच सोडत नाही.

आता गणित उलटं झालं होतं. दीड तासाच्या अटॅकला आमच्या कार्डावर रेघ यायला नको. म्हणजे जे काही झालं ते संध्याकाळी सातच्या आधीच झालेलं. पण ते झालं काय?

मोटरसायकलवाल्यांना माहीत नव्हतं. ते नऊला शेतात पोचले, तेव्हा हा धापा टाकत पडलेला दिसला. मळणीयंत्रवाल्याला वाटलं, ऊन लागलं. मी पोराच्या कानाशी वाकले. "संध्याकाळी काय झालं होतं रे?"

"काई नाही... सुडी उपसतानी बोटाला काडी टोचली. मग ओकाऱ्या सुरू झाल्या."

सोयाबीनची काडी टोचतेच. बोट बघितलं, काहीच दिसेना. तेवढ्यात पडद्यामागून आमचे वॉर्डातले मामा आले, लाजून अर्धे झालेले. भिजलेली पँट बदलताना त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट मला कशी सांगावी, हे त्यांना उमजेना. "मॅडम, पोरगं एवढं मरणाला टेकलंय आन्... कसं सांगू... ते खाली बसंना." मामांना वाटलं मी रागावेन. त्यांना मिठीच मारायची बाकी होती.

लाल विंचू. घामाच्या धारा, ओकाऱ्या, थंड हातपाय आणि हे न ओसरणारं ताठरणं. असं सगळं एकत्र दुसऱ्या कशात मी पाहिलेलं नाही. दंशाच्या जागी जबर कळा असत्या तर त्याने स्वतःच ओरडून सांगितलं असतं. पण विष अंगात भिनतं तेव्हा पुष्कळदा तिथे फारसं दुखतच नाही. या विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय बंद दारावर धडका देत राहतं आणि त्याचा स्नायू खरोखरच जखमी होतो. कार्ड खोटं बोललं नव्हतं. अटॅक हा शब्द आमचा होता.

हेपरिन थांबवलं. ठोके १३० आहेत म्हणून मेटोप्रोलॉल, ठोके कमी करणारं औषध, द्यायचा विचार मघाशी डोक्यात येऊन गेला होता. ते दिलं असतं तर आवळलेल्या वाहिन्या तशाच राहिल्या असत्या आणि झुंजणाऱ्या हृदयाचा जोर तेवढा गेला असता. आठवलं की अजून पोटात गोळा येतो. त्याऐवजी प्राझोसिनची गोळी दिली आणि विंचवाच्या विषावरची लस लावली. ही गोळी मूळची रक्तदाबाची. ती विंचवावर चालते हे महाडमध्ये काम करून जगाला दाखवलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी, आणि ते मूळचे आमच्याच जिल्ह्यातले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले होते.

फुप्फुसात खाली बुडबुडे ऐकू येत होते, म्हणून बाराला १०८ बोलावून संभाजीनगरला घाटीत, तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, पाठवलं. चिठ्ठीत गोळीची वेळ लिहिली आणि पुढची तीन तासांनी द्या, असं दोनदा अधोरेखित केलं. निघताना त्याचे तळवे हातात घेऊन बघितले. अजून गारच होते, पण मघासारखे नाही.

आठ दिवसांनी तो चालत आला. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पहिल्या दिवशी हृदयाचं आकुंचन कमी होतं, जाताना बरंच सुधारलेलं. सोबत आई. तिला इको-बिको काही ऐकायचं नव्हतं.

"मॅडम, गावभर झालंय, पोराला अटॅक आलता म्हून. पोरीवाले मागं सरलेत. कागदावर लिवून द्या, हार्टचं काईच नव्हतं."

तसं मला लिहिता येईना. हार्टचं होतं. ट्रोपोनिन पॉझिटिव्ह होतं. ते घाटीच्या कागदावर होतं, माझ्याही रजिस्टरात होतं. तिला हे समजावायला गेले तर तिचा चेहराच उतरला. शेवटी मी लिहिलं: "विंचूदंशामुळे हृदयाच्या स्नायूला तात्पुरती इजा. हृदयविकाराचा झटका नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा इको." सही केली, शिक्का मारला.

पोराने कागद मोठ्याने वाचून दाखवला. आई जरा वेळ गप्प राहिली. मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली,

"ते विंचू तेवढं मोठ्या अक्षरांत काढा."