तुम्ही विचारलंत म्हणून : माच्चात दूध

"माच्चा लाटे घरी कसा करतोस, प्रमाण पाठव." महिन्यातून दोनदा तरी हा निरोप येतो. माच्चा म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड, लाटे म्हणजे ती दुधात घालून केलेलं पेय. मी प्रमाण पाठवतो. आठ दिवसांनी फोटो येतो. कपात शेवाळलेल्या हौदाच्या रंगाचं काहीतरी, वर गुठळ्या, खाली गाळ. सोबत एक ओळ : "तुझ्यासारखा होत नाही. काहीतरी सांगत नाहीयेस तू."

दुसरे प्रश्नकर्ते इथले, टोक्योतल्या निशी-कासाईतले. मी दोन वर्षं दर शनिवारी जपानी पद्धतीनं विधिवत चहा करण्याच्या शिकवणीला जायचो हे त्यांना ठाऊक आहे. ते विचारतात, "एवढं शिकलास आणि दूध घालतोस?"

दोघांना एकदाच सांगतो, म्हणजे सुटलो.

माच्चा २ ग्रॅम, चहाचा सपाट चमचाभर. तो बारीक चाळणीतून कपात गाळायचा. नेमकी ही पायरीच सगळे गाळतात. मग ८० अंशांचं पाणी, ३०-४० मिली. थर्मामीटर नको, उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की दर वेळी साधारण १० अंश उतरतं, दोनदा ओता. चासेन, म्हणजे माच्चा घोटायचा बांबूचा ब्रश, असेल तर मनगटातून भराभर पुढे-मागे हलवा, रवीसारखा गोल घुमवू नका. नसेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून खळखळवा, काही बिघडत नाही. फेस आला की चमचाभर साखर आणि १५० मिली दूध, पिता येईल इतपतच गरम, ६०-६५ अंश. दूध उकळायचं नाही. माच्चा तर नाहीच नाही.

एवढंच. लपवलेलं काही नाही. तरी होत नाही, कारण तुमच्या डब्यात माच्चा नाही. ग्रीन टीच्या पिशव्या फाडून मिक्सरमधून काढणारे दोघेजण माझ्याच नात्यात आहेत. ती पानं उन्हात वाढलेली, शिरांसकट वळलेली. माच्चाची झाडं तोडणीआधी तीनेक आठवडे झाकून ठेवतात. पूर्वी बोरूच्या चटया आणि भाताचा पेंढा, आता बहुतेक ठिकाणी काळं कापड. ऊन कमी मिळालं की पान हिरवेपणा वाढवतं, आणि मुळांकडून आलेल्या थिआनिन या गोडसर चवीच्या घटकाचं तुरटपणात रूपांतर होणं मंदावतं. मग वाफवून, न वळता वाळवून, देठ-शिरा काढून ते पान दगडी जात्यावर दळतात. एक जातं तासाला जेमतेम ४० ग्रॅम देतं. मिक्सरची पाती त्याच्या जवळपासही जात नाहीत. आणि जपानहून कुणी आणून दिलेली 'लाटे'ची पाकिटं? पाकिटामागच्या घटकांच्या यादीत पहिलं नाव बघा. बहुधा साखर.

आता दूध.

दिवाळीच्या फराळाला कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार असतं. दुधातलं केसीन हे प्रथिन तुरट घटकांना धरून ठेवतं, त्यामुळे चव मऊ होते. शिवाय जपानी माणसंच पितात, कुठल्याही कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, जा, फ्रीजमध्ये हिरवे कप ओळीनं उभे असतात. सगळं खरं आहे. मी दूध घालायला लागलो ते यातल्या कशामुळेच नाही.

२०१८ च्या ऑक्टोबरात आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिला क्योतोला नेलं, तिथून गाडीनं चहासाठी नावाजलेल्या उजीला. १० येनच्या नाण्यावर जे देऊळ आहे ते तिला नाणं हातात धरून दाखवलं. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहा भाजल्याचा वास सुटलेला असतो, तो मात्र तिला आवडला. "शेंगदाणे भाजल्यासारखा येतोय," म्हणाली. तिथल्या एका दुकानात मी ४० ग्रॅमची डबी घेतली, ३,२०० येनची. आईनं बाहेर येऊन हिशोब केला आणि रस्त्यात थांबली. "दोन हजार रुपये? या एवढ्याशा डबीचे?"

मी तिला समजावलं. नोव्हेंबर म्हणजे चहावाल्यांचं नवं वर्ष, मेमध्ये तोडलेला चहा मुरवून या महिन्यात बरणी उघडायची पद्धत आहे, महिनाअखेर आमच्या शिकवणीचा छोटा मेळावा आहे, चार परक्या माणसांसमोर पहिल्यांदाच मी चहा करणार आहे, आणि ही डबी सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या चहाच्या शिक्षिकेनं, सुचवलेली आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. डबी स्वतःच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळून टोक्योपर्यंत आणली.

नंतरच्या आठवड्यात मला सर्दी झाली. गुरुवारी रात्री साडेनऊला घरी आलो तर दारातच आल्याचा वास. आई गॅसपाशी उभी होती. इथल्या दुधावर साय धरत नाही हे तिचं रोजचं दुःख, तरी त्या दिवशी तिनं लिटरभर दूध आटवत ठेवलं होतं. त्यात आलं ठेचून, वेलदोडे, साखर, आणि ओट्यावर उघडी डबी, अर्ध्यावर आलेली. पातेल्यात खदखदत होतं ते हिरवंही नव्हतं आणि तपकिरीही नव्हतं.

"तुझ्यासाठी चांगला चहा केलाय," ती म्हणाली. "छातीला बरं वाटेल."

मी काय बोललो ते शब्दशः आठवतं, म्हणून लिहीत नाही. "तुला काही कळतं का" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. आवाज एवढा चढला की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला. आईनं गॅस बंद केला. दोन कप भरले. मी माझा सिंकमध्ये ओतला. तिनं तिचा, उभ्यानंच, शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मग पातेलं घासायला घेतलं.

सकाळी डबी ओट्यावर होती, झाकण घट्ट लावलेलं. खाली पाचशेच्या चार नोटा. भारतातल्या. परत जाताना मुंबई ते सातारा गाडीभाड्यासाठी तिनं ठेवलेल्या.

मी त्या तिला परत दिल्या नाहीत. माफीही मागितली नाही. माफी मागायला विषय काढावा लागतो, आणि आमच्या घरात विषय काढत नाहीत. नोटा माझ्या टेबलाच्या खणात पासपोर्टाच्या खाली आहेत. जानेवारीत तिला साताऱ्यापर्यंत टॅक्सी करून दिली, तेवढं केलं.

मेळाव्यात सेन्सेईंनी त्यांच्या डबीतला चहा मला वापरू दिला. आटोपल्यावर विचारलं, आईंनी उजीचा चहा चाखला का? मी म्हटलं, हो, फार आवडला. त्या एवढ्या खूश झाल्या की पुढच्या शनिवारी आईसाठी सुकी मिठाई घेऊन आल्या. मार्चमध्ये मी शिकवणी सोडली. गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखायचे, अगदीच खोटं नव्हतं.

सेन्सेईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट मला नंतर पुष्कळदा आठवली. एइसाई नावाच्या भिक्षूनं ११९१ मध्ये चीनहून चहाचं बी आणलं आणि १२११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, तेही चहा हे औषध आहे म्हणून. म्हणजे सर्दीच्या पोराला औषध म्हणून तो पाजणारी बाई एइसाईच्या जवळची, की कुठल्या बोटानं वाटी फिरवायची हे घोकणारा मी? हा प्रश्न मला फार सोयीचा वाटतो, म्हणून त्यावर विश्वास नाही. त्या वेळचा मी अजूनही भांडतो : माझी वस्तू होती, विचारायला हवं होतं. बरोबर आहे त्याचं. ओरडण्याचं काय, यावर तो गप्प बसतो.

उरलेल्या अर्ध्या डबीकडे फेब्रुवारीपर्यंत मी बघितलंच नाही. माच्चा उघडून ठेवला की उतरतो, हवा आणि उजेड लागून रंग मरतो. वाटीत नुसत्या पाण्यात घोटण्याच्या लायकीचा तो राहिला नव्हता. फेकवेना. दोन हजार रुपये, या एवढ्याशा डबीचे. म्हणून दूध घातलं. आता कळलं का दूध का?

एकदा वेलदोडाही घालून बघितला. वाईट लागत नाही. आलं मात्र नाही, त्या बाबतीत मी ठाम आहे.

बाकी मिळणं कठीण झालंय. २०२४ च्या शरदापासून क्योतोकडच्या नावाजलेल्या दुकानांनी एका गिऱ्हाइकाला किती डब्या द्यायच्या याची मर्यादा घातली. त्यामुळे "येताना दोन-चार डब्या आण" हे निरोप पाठवू नका. माझ्याकडे सध्या दोनच आहेत. साधी फ्रीजच्या दारात, लाटेसाठी. चांगली मागे, मेथीच्या डब्याआड.

मार्चमध्ये आई येतेय. फोनवर विचारत होती, "तुझा तो हिरवा चहा मिळतो का रे अजून?" मिळतो म्हटलं. चांगली डबी पुढे आणून ठेवायची की मेथीच्या मागेच राहू द्यायची, हे अजून ठरत नाहीये. काल दोनदा जागा बदलली.